फुलाचा नको, शेंगेचा फोटो पाठवा

या महिन्यात आलेल्या पत्रांत आणि व्हॉट्सॲपवर निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच रंगाचे निघाले, पिवळ्या. खानापूरपासून अथणीपर्यंत जो तो पिवळ्या फुलाचा क्लोजअप काढून पाठवतोय आणि खाली एवढंच, "हे काय आहे सांगा की". आता खरं सांगतो, टाकळा, कासविंदा, तरवड, कासोद ही सगळी एकाच घराण्यातली भावंडं, सगळ्यांना पाच पिवळ्या पाकळ्या, त्यामुळं नुसतं फूल बघून ओळखायचं म्हणजे शाळेच्या युनिफॉर्मवरनं पोराचं नाव सांगायला लावण्यातला प्रकार. पान दाखवा, पानाचा दांडा दाखवा, शेंग असेल तर ती आधी दाखवा. तर यंदा सगळे पिवळे प्रश्न एकत्रच घेतोय, बाकीच्यांनी रागावू नका, तुमच्या आंब्याच्या मोहोराचं पुढच्या खेपेला.

प्रश्न : माझं माहेर निपाणीकडचं, सासर जांबोटीच्या बाजूला. माहेरी तंबाखूच्या रानात टाकळा म्हणजे नुसतं तण, भाजी म्हणून कुणी बघत नव्हतं. इथं सासूबाई मिरगाचा पाऊस झाला की परसातनं कोवळा टाकळा खुडून आणतात, भाजी झकास होते. यंदा मीच उत्साहानं ओटीभर पाला आणला तर त्या बघून म्हणाल्या, "अगं बाई, ह्यात निम्मा कासविंदा आहे", आणि सगळाच टाकून दिला. दोन्हीला वास येतो, दोन्ही हिरवंगार. नेमका फरक काय? आणि चुकून शिजवून खाल्ला असता तर?
— एक सूनबाई, खानापूर तालुका

उत्तर : सूनबाई, लाजू नका, हीच चूक मी स्वतः केलेली आहे, तीही वनस्पतिशास्त्र शिकून झाल्यावर. खानापूरच्या बाजारात रानभाज्या घेऊन बसलेल्या एका आज्जीला मी मोठ्या ऐटीत माझी पिशवी दाखवली होती, त्या बाईनं एक डहाळी उचलली, पानाचं टोक नखानं दाबून दाखवलं आणि म्हणाली, "बाळा, टाकळ्याला टोक असतंय काय?" माझ्या डिग्रीचं तिथंच काय ते झालं.

तर टोकापासूनच सुरू करू. आपण ज्याला टाकळ्याचं एक पान म्हणतो ते खरं म्हणजे पानाचा तुकडा, शास्त्रात त्याला पर्णिका म्हणतात. टाकळ्याच्या एका दांड्यावर साधारण तीन जोड्या पर्णिका असतात, बुडाशी निमुळत्या आणि शेंड्याकडं रुंद होत गेलेल्या, शेंडा गोलसर, बोटाच्या टोकासारखा. सगळ्यात मोठी जोडी टोकाला. संध्याकाळ झाली की ह्या पर्णिका मिटून एकमेकींना चिकटतात, म्हणून दिवेलागणीला टाकळा एकदम मलूल दिसतो, तो आजारी नसतो, झोपलेला असतो. कासविंद्याला जोड्या जास्त, चार-पाच, आणि प्रत्येक पर्णिका खाली रुंद, वर निमुळती होत जाऊन टोकदार. आज्जीनं नखानं दाबलं ते हेच टोक. कोवळ्या रोपातसुद्धा हा फरक दिसतो, म्हणून भाजी खुडताना हीच खूण कामाची, कारण जूनमध्ये तुम्हाला ना फूल मिळणार ना शेंग.

दुसरी खूण जरा बारीक आहे पण एकदा दिसली की विसरत नाही. दांड्यावर बघा, एक छोटी गाठ असते, पुळी आल्यासारखी, तिला ग्रंथी म्हणतात, तिच्यातनं गोड रस येतो आणि मुंग्या त्यासाठी फेऱ्या मारत असतात. टाकळ्यात ही पुळी पर्णिकांच्या खालच्या एक-दोन जोड्यांच्या मधोमध असते, बारीक काडीसारखी उभी. कासविंद्यात ती जोड्यांच्या मधे नसतेच, ती पार खाली, जिथं दांडा खोडाला चिकटतो त्याच्या जवळ, एकच, जाडसर, काळपट. म्हणजे डहाळी हातात घेतली, दांडा उलटसुलट केला आणि पुळी कुठं आहे बघितलं की निकाल लागला. चष्मा लागत असेल तर नातवाला बोलवा.

गणपतीनंतर प्रश्नच राहत नाही. टाकळ्याची शेंग बारीक, लांब, वाकलेली, काडीसारखी, वितीएवढी सुद्धा होते. कासविंद्याची शेंग चपटी, जरा वर वळलेली, दोन्ही कडांना फिकट पट्टी आणि मधे तपकिरी, कुणीतरी काठ लावून शिवल्यासारखी. आणि ह्यात एक तिसरा गडी पण आहे, त्यालाही आपल्याकडं कासविंदाच म्हणतात, काही जण कासमर्द म्हणतात, त्याच्या पर्णिका आणखी जास्त नि अरुंद, सहा ते दहा जोड्या, आणि शेंग चपटी नसते, पिकत आली की फुगून गोल नळीसारखी होते. कासमर्द म्हणजे कास, खोकला, त्याला मर्दणारा. टाकळ्याचं संस्कृत नावही ह्याच चालीचं, चक्रमर्द. चक्र म्हणजे अंगावर उठणारं गोल चकंदळ, नायटा, गजकर्ण, ते मोडणारा. नावातच दुकानाची पाटी आहे.

आता खाल्लं असतं तर. शिजवलेल्या कोवळ्या कासविंद्याचे दोन घास पोटात गेले म्हणून घाबरून जाऊ नका, काही भागात लोक कोवळा पाला खातातही. पण मी खाणार नाही आणि तुम्हीही मुद्दाम खाऊ नका. खरी भीती बियांची आहे आणि ही गोष्ट मी मोठ्या अक्षरात लिहिली असती. पश्चिम उत्तर प्रदेशात वर्षानुवर्षं लहान पोरं पावसाळा संपल्यावर एकदम आजारी पडायची, उलट्या, मग बेशुद्धी, बरीच दगावायची, आणि लोकांना वाटायचं हा मेंदूज्वर. 2007 मध्ये डॉक्टरांच्या अभ्यासातनं पुढं आलं की मुळात ही पोरं खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगा सोलून बिया खात होती आणि त्या बियांचं विष लिव्हर, स्नायू आणि मेंदू तिन्हीवर एकदम बसत होतं. गुराढोरांनाही ह्या बियांनी स्नायूंचा त्रास होतो. तेव्हा घराच्या मागं, अंगणवाडीच्या कुंपणाला कासविंदा असेल तर शेंगा धरायच्या आत उपटून टाका. पोराला शेंग दिसली की ती सोलायची असतेच, आपण सगळ्यांनी लहानपणी हेच केलंय.

टाकळ्याचं मात्र निवांत खा. फक्त फूल येईपर्यंतचा, वरचा कोवळा शेंडाच घ्यायचा, उग्र वास चिरल्यावर वाटतो, कांदा लसणाच्या फोडणीत आणि भिजवलेल्या चणाडाळीबरोबर तो निघून जातो, वरनं ओलं खोबरं. घाटाखाली गोव्याकडं ह्यालाच तायकिळो म्हणतात आणि तितक्याच मायेनं खातात. आणि सासूबाईंनी सगळा पाला टाकला ते बरोबरच केलं, निवडत बसण्यात अर्थ नव्हता.

प्रश्न : आमच्याकडं नवरात्रात घटाला तरवडाच्या फुलांची माळ घालतात. पोरांना आणायला पाठवलं तर ती रस्त्याकडेच्या मोठ्या झाडाची पिवळी फुलं ओरबाडून आणतात आणि म्हणतात हाच तरवड. शेजारचे कन्नड भाषिक काका तरवडाला तंगडी म्हणतात आणि त्या झाडालाही सीमे तंगडी म्हणतात, मग पोरांचं काय चुकलं?
— अथणी

उत्तर : पोरांचं फार नाही चुकलं, काकांचंही नाही. कन्नडात सीमे म्हणजे सीमेपलीकडनं आलेलं, परदेशी. सीमे तंगडी म्हणजे परदेशी तरवड, आपण त्याला कासोद म्हणतो. हे झाड आग्नेय आशियातलं, सावलीसाठी आणि जळणासाठी म्हणून रस्त्याकडेला लावलेलं. नात्यानं तरवडाचा भाऊच आहे, पण घटाला भाऊ चालत नाही.

तरवड झुडूप असतो, माणसाच्या डोक्याएवढा किंवा थोडा उंच, आणि तो तुमच्याच बाजूचा, अथणी, रायबाग, गोकाकच्या कोरड्या माळावरचा. जांबोटी, कणकुंबीच्या ओल्या डोंगरात तो रमत नाही, तिथल्या लोकांना मी तरवड म्हटलं की ते माझ्या तोंडाकडं बघतात. त्याची सगळ्यात सोपी खूण अशी की पान जिथं खोडाला लागतं तिथं दोन्ही बाजूंना हिरव्या गोल पाळ्या असतात, अगदी कानाच्या पाळीसारख्या. शास्त्रीय नावातला ऑरिक्युलाटा हा शब्द कानावरनंच आलाय. असले कान ह्या घराण्यात आपल्या भागात दुसऱ्या कुणाला एवढे मोठे नाहीत. वर दांड्यावर प्रत्येक जोडीच्या मधे एकेक पुळी, म्हणजे टाकळ्यासारखी खाली एक-दोनच नाही तर शिडीसारखी वरपर्यंत. फूल मोठं, रुपयाच्या नाण्यापेक्षा खूप मोठं, सोन्यासारखं. शेंग चपटी, कागदासारखी पातळ, आत बिया बसल्यात तिथं फुगवटे. कासोदाला कानही नाहीत आणि पुळीही नाही, शेंगा लांब, चपट्या, कडा जाड, झुबक्यांनी लटकलेल्या.

तरवडाला गुरं तोंड लावत नाहीत म्हणून तो माळावर टिकून आहे, आणि त्याच्या सालीत टॅनिन भरपूर म्हणून पूर्वी कातडी कमावायला ह्याचीच साल वापरायचे. तेलंगणानं तर त्याला राज्याचं फूल केलंय, तिकडं बतुकम्माच्या रचनेत तंगेडू पाहिजेच. आपल्याकडं घटाच्या माळेत, तिकडं बतुकम्मात, एकाच महिन्यात एकच फूल. पोरांना सांगा, आधी कान शोधा, मग फूल तोडा.

प्रश्न : टिळकवाडीत आमच्या गल्लीच्या तोंडाला पिवळ्या फुलांचं झाड आहे. बायको म्हणते बहावा, मी म्हणतो गुलमोहराचा पिवळा प्रकार. पैज लागलीय, कुंद्याची.
— बेळगाव

उत्तर : दोघंही हरलात, कुंदा माझ्याकडं पाठवा. तुमच्या फोटोत फूल ऑक्टोबरमधलं आहे आणि फुलांचा तुरा वर उभा आहे. बहावा फुलतो एप्रिल-मेमध्ये, पानं झडलेली असताना, आणि त्याचे घोस खाली लोंबतात झुंबरासारखे. त्याच्या शेंगा काळ्या, गोल, हातभर लांब, दंडुक्यासारख्या, एकदा बघितल्या की चुकायचं नाव नाही. गुलमोहराचा पिवळा प्रकार म्हणून ज्याला म्हणतात तो सोनमोहर, त्याची पानं चिंचेसारखी बारीक, दुहेरी विभागलेली आणि शेंगा तांबूस, ढालीसारख्या. तुमच्या झाडाचं पान एकेरी, पर्णिकांचे शेंडे गोल आणि लहानसा खाचा, शेंगा चपट्या. म्हणजे कासोद.

फक्त एक अट. शेंगा चपट्या नसून गोल नळीसारख्या निघाल्या आणि पर्णिका टोकदार असल्या तर मला लगेच कळवा, कारण मग ते सेन्ना स्पेक्टॅबिलिस असू शकतं, अमेरिकेतनं आलेलं, शोभेचं म्हणून लावलेलं, आणि वायनाड, बंडीपूर, मुदुमलाईच्या जंगलात ते असं काही पसरलंय की खाली दुसरं काही उगवू देत नाही, तोडलं तर बुंध्यातनं पुन्हा फुटतं. खानापूरच्या जंगलाला ते नकोच.

प्रश्न : सर, मी बीएस्सी करतेय. आमच्या जुन्या पुस्तकात टाकळा म्हणजे कॅशिया टोरा आणि नव्या पुस्तकात सेन्ना टोरा, शिवाय मॅडम म्हणाल्या सेन्ना ऑब्ट्युसिफोलिया पण असू शकतो. परीक्षेत काय लिहू?
— बेळगाव

उत्तर : परीक्षेत मॅडम म्हणतील ते. आता खरं उत्तर. वनस्पतींना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसपासून ही सगळी मंडळी कॅशिया ह्या एकाच मोठ्या कुटुंबात होती. बेळगाव मुंबई इलाख्यात होतं त्या काळात कुक साहेबाचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा जो ग्रंथ आला, 1901 ते 1908, त्यातही सगळे कॅशियाच. 1982 मध्ये आयर्विन आणि बार्नबी ह्या दोघा वनस्पतिशास्त्रज्ञांनी वाटण्या केल्या, तीन घरं झाली. बहावा कॅशियातच राहिला, टाकळा-तरवड-कासोद सेन्नात गेले, आणि माळावरची ती चिमुकली लाजाळूसारख्या पानांची पिवळी रोपटी कॅमीक्रिस्टात. वाटणीचा आधार पुंकेसर. बहाव्याचं फूल हातात घेऊन बघ, खालचे तीन पुंकेसर लांब, एसच्या आकारात वळून बाहेर आलेले दिसतील. सेन्नात तसं नसतं, तिथं पुंकेसराचा दांडा आखूड आणि परागकोश मोठे.

टोरा आणि ऑब्ट्युसिफोलिया हे मात्र खरंच किचकट, बरीच वर्षं लोक दोघांना एकच धरत आलेत. शेंगेचा देठ मोज. टोरात तो आखूड, सेंटिमीटरच्या आतबाहेर, ऑब्ट्युसिफोलियात दीड-दोन सेंटिमीटर किंवा जास्त. पुळ्या मोज, टोरात खालच्या दोन जोड्यांमधे दोन, ऑब्ट्युसिफोलियात बहुतेक करून सगळ्यात खालच्या जोडीतच एक. आणि बी भिंगाखाली धर, बीच्या अंगावर फिकट पट्टा असतो, टोरात रुंद, दीड-दोन मिलिमीटर, दुसऱ्यात दोऱ्यासारखा, अर्ध्या मिलिमीटरचा. तिन्ही खुणा एकाच बाजूला गेल्या तरच नाव लिही. भाजीला दोघंही टाकळाच.

प्रश्न : टाकळा शेंगवर्गीय, मग जमिनीत नत्र सोडतो ना? बांधावरचा टाकळा राखून ठेवलाय.
— बैलहोंगल

उत्तर : नाही. उपटून मुळं बघा, भुईमुगाच्या मुळावर असतात तशा गाठी दिसणार नाहीत. कॅशिया आणि सेन्ना ह्या घरांत गाठी धरत नाहीत, शेंग आहे म्हणून नत्र आहे असं नसतं. पाला कापून भाताच्या चिखलात गाडला तर हिरवळीचं खत म्हणून उपयोग आहेच, पण ते पाल्याचं काम, मुळाचं नव्हे. आणि राखणार असाल तर बी धरायच्या आत कापा, नाहीतर पुढच्या वर्षी बांधावर तुम्हाला जागा राहायची नाही.

प्रश्न : रोडच्या कडेला टाकळ्यासारखंच पण केसाळ, आखूड शेंगांचं तण भरमसाट वाढलंय. लोक म्हणतात सरकारनं काँग्रेस गवत मारायला आणलं.
— गोकाक

उत्तर : लोक अगदीच हवेत बोलत नाहीत. हे सेन्ना युनिफ्लोरा, पूर्वी ह्याला कॅशिया सेरिसिया म्हणायचे, हेही अमेरिकेतलं. पाल्यावर मऊ केस, फुलं बारकी, शेंगा बोटभर, सरळ, झुबक्यानं उभ्या, आणि पुळ्या प्रत्येक जोडीत. 1980 च्या दशकात कर्नाटकातल्या शास्त्रज्ञांनी बघितलं की हे जिथं दाट उगवतं तिथं काँग्रेस गवत मागं पडतं, आणि ते मुद्दाम पेरायचा प्रयोग झाला. काँग्रेस गवतानं अंगाला खाज, दमा, म्हणून कल्पना वाईट नव्हती. आता रस्त्याकडेला दोघंही आहेत. एका तणाला दुसरं तण सोडलं की भांडण आपल्याच शेतात होतं, असं माझं मत, शास्त्रज्ञांचं वेगळं असू शकेल.

प्रश्न : काष्ठौषधीच्या दुकानात सोनामुखी म्हणून पाला मिळाला. आमच्या माळावरचा तरवडही तसाच दिसतो, तोच वाळवून घेतला तर?
— रायबाग

उत्तर : घेऊ नका. सोनामुखी हाही सेन्नाच, पण तो तमिळनाडूत तिरुनेलवेलीकडं शेतात लावतात. त्यात सेनोसाइड असतं, ते मोठ्या आतड्याला चाळवतं, म्हणून रात्री घेतलं की सकाळी गुण. तरवडाचा पाला सोनामुखीत भेसळ म्हणून घालायची युक्ती जुनी आहे, पण त्यात तो गुण नाही. वाळलेल्या पाल्यावरनं घरी फरक करता येणार नाही, आणि रोज सोनामुखी लागत असेल तर दुकानात जायच्या आधी डॉक्टरकडं जा.

प्रश्न : आमच्या कुंपणाच्या तरवडावर मोठा काळा भुंगा सकाळी येतो, फुलाला मिठी मारून जोरात घूंऽऽ करतो नि जातो. मध तर ह्या फुलात दिसत नाही. मग करतो काय?
— इयत्ता आठवी, चिकोडी

उत्तर : शाब्बास, ह्या महिन्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तुझा. मध नाहीच त्या फुलात. बहुतेक फुलांत पराग बाहेर उघडे पडलेले असतात, ह्या घराण्यात ते परागकोशाच्या आत कोंडलेले, टोकाला फक्त एक बारीक भोक, मिठाच्या डबीसारखं. भुंगा फुलाला धरून पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो, ती थरथर परागकोशाला लागते आणि भोकातनं पराग भस्सकन बाहेर उडतात. काही त्याच्या पोटाला चिकटतात ते तो खायला नेतो, आणि काही अंगाला अशा जागी चिकटतात की तिथं त्याचा पाय पोचत नाही, ते पुढच्या फुलाला मिळतात. उद्या सकाळी लवकर जा, भुंगा येईपर्यंत थांब आणि कान देऊन ऐक, उडतानाचा आवाज आणि फुलावरचा आवाज वेगळा येतो, फुलावरचा जास्त बारीक, चिरका. भुंगा गेला की त्या फुलाखालच्या पानावर बोट फिरवून बघ, पिवळी पूड लागते का ते मला लिहून कळव.